पाली, पालू, पालवणी की पालगड?

आमच्या आजीच्या तोंडी पांढऱ्या साखरेचं नाव 'मोरस' होतं. गूळ तो गूळ, आणि वाण्याकडून पुडीत बांधून यायची ती मोरस. दिवाळीत करंज्यांचं सारण करताना ती म्हणायची, "मोरस कमी पडली, बघ गं डब्यात." मोरस म्हणजे मॉरिशस, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. ही साखर एकेकाळी बोटीनं मुंबई बंदरात उतरायची. स्वदेशीच्या चळवळीत लोकांनी ती निश्चयानं सोडली, पण तिचं नाव काही घरांतून पुढची पन्नास-साठ वर्षं हललं नाही.

त्या साखरेचा ऊस लावायला, खुरपायला आणि तोडायला आपल्याच मुलखातली माणसं जहाजात बसून गेली होती, हे मात्र आजीला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. तीन वर्षांपूर्वी एका ओळखीच्या घरी मॉरिशसहून आलेल्या एक बाई भेटल्या आणि त्यांनी पर्समधून एक जाड पाकीट काढलं, तिथून हे सगळं सुरू झालं.

बाई म्हणजे खरोखरच शाळेतल्या बाई. वाकवा भागातल्या शाळांत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. मॉरिशसच्या शाळांत पूर्वजांची भाषा म्हणून मराठी हा एक विषय असतो. घरात बोलतात ती क्रिओल. त्यामुळे बाईंचं मराठी पाठ्यपुस्तकातल्यासारखं नेमकं, प्रत्येक अक्षर सुटं उच्चारलेलं. "मी माझ्या खापरपणजोबांचे गाव शोधण्यास आले आहे," असं त्या म्हणाल्या, तेव्हा खोलीतले सगळे एकदम गप्प झाले. अशी वाक्यं आपण आता फक्त लिहितो. त्यांचं आडनाव आणि घराणं इथे देत नाही, त्यांची तशी इच्छा आहे. पण आडनावाची जातकुळी सांगायला हरकत नाही. तिकडच्या कितीतरी मराठी घराण्यांप्रमाणे तेही मुळात एका माणसाचं नाव होतं. आपल्याकडे बापाचं नाव मधे येतं. तिकडच्या कारकुनानं ते शेवटी लिहिलं आणि ते तिथेच घट्ट झालं. म्हणून तिकडे बाबाजी, सखाराम, तुकाराम ही आडनावं असू शकतात.

पाकिटात दोन गोष्टी होत्या. एक होता मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेनं दिलेला नोंदवहीचा उतारा. दुसरी होती एका फोटोची प्रत.

फोटोतला माणूस पंचेचाळिशीचा असावा. मागे साधा कापडी पडदा. डोक्याला घाईत गुंडाळल्यासारखं मुंडासं, डावीकडे जरा कललेलं. अंगात बंद गळ्याचा कोट, पण तो त्याचा नव्हे, हे बघताक्षणी कळतं. खांदे दोन्ही बाजूंनी ओघळलेत आणि बाह्या बोटांच्या पेरांपर्यंत आल्यात. त्या काळी कॅमेऱ्यासमोर काही सेकंद स्थिर बसावं लागे. याच्या पापण्या मधेच हलल्या असाव्यात, कारण सगळा चेहरा स्पष्ट आहे आणि डोळे तेवढे धुरकट. खाली एक सहा आकडी क्रमांक. नाव नाही.

बाईंच्या देवघरात हाच फोटो गणपतीशेजारी चांदीच्या चौकटीत आहे. त्याला रोज कुंकू लागतं. तो काढला होता मात्र पोलिसांसाठी.

मॉरिशसमध्ये १ फेब्रुवारी १८३५ पासून गुलामी कायद्यानं संपली. मळेवाल्यांना त्याची चाहूल आधीच लागली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलास' नावाचं जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला लागलं. पुढच्या पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांवर हिंदी माणसं या बेटावर उतरली. त्यातली साधारण एक तृतीयांश परत गेली. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांत मुंबईचा वाटा सर्वांत लहान. रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा, कोल्हापूर या बाजूची माणसं मुंबईत येत आणि शिडाच्या जहाजानं महिना-दीड महिना समुद्रात काढून तिकडे पोचत. सुरुवातीला पुरुषाचा पगार महिना ५ रुपये आणि वर रेशन. एक दिवस कामाला गेलं नाही तर दोन दिवसांचा पगार कापत. याला तिकडे 'डबल कट' म्हणत. निघण्याआधी आगाऊ रक्कम हातावर पडे आणि मग ती फिटेपर्यंत माणूस बांधला जाई. बीड-पाथर्डीकडच्या वाचकाला ही रीत समजावून सांगायला नको. 'उचल' हा शब्द पुरेसा आहे. गंमत म्हणजे मॉरिशसच्या मळ्यावर मजुरांच्या टोळीवर जो मुकादम असे, त्याला 'सरदार' म्हणत. आपल्याकडच्या सरदार घराण्यांनी हे मनावर घेऊ नये.

पोर्ट लुईच्या धक्क्यावर १८४९ साली या लोकांसाठी डेपो बांधला. आज त्याला आप्रवासी घाट म्हणतात आणि २००६ पासून तो जागतिक वारशाच्या यादीत आहे. माणूस तिथे उतरला की त्याला क्रमांक मिळे आणि वहीत एक ओळ लिहिली जाई. त्या ओळीत नाव, बापाचं नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, जहाज, कुठल्या मळ्यावर पाठवला आणि जिल्हा-परगणा-गाव असे रकाने असत. समासात पुढे वर्षानुवर्षं भर पडत जाई, अमुक साली लग्न, अमुक साली मृत्यू, किंवा अमुक जहाजानं परत. म्हशी विकत घेताना आपण शिंगं, भोवरे, दात बघतो, तशी ही वही माणसाकडे बघते. व्रण कुठे, देवीचे वण आहेत का, गोंदण कोणत्या हातावर. पण त्यामुळेच ती आज उपयोगी पडते. नाव कसंही लिहिलेलं असो, उजव्या कोपरावरच्या भाजल्याच्या खुणेनं माणूस दुसऱ्या कागदात ओळखू येतो.

नाव कसंही लिहिलेलं असतं, हेही खरंच. लिहिणारा इंग्रजी कान, सांगणारं कोकणी तोंड, मधे बहुधा तिसऱ्याच मुलखातला दुभाषी. रत्नागिरीचं 'रटनाघेरी' होतं, कोल्हापूरचं 'कोलापोर'. बाईंच्या उताऱ्यावर जिल्हा रटनाघेरी आहे आणि गावाच्या रकान्यात एकच शब्द, 'पल्ली'.

बाईंना वाटलं होतं, पत्ता मिळाला. आता फक्त एस.टी. पकडायची.

मी त्यांच्यासमोर नकाशा ठेवला. एक म्हणजे त्या काळचा रत्नागिरी जिल्हा आजचा नव्हे. सिंधुदुर्ग वेगळा झाला १ मे १९८१ ला, म्हणजे बाणकोटपासून खाली थेट आजच्या सिंधुदुर्गापर्यंत शोधणं आलं. दुसरं म्हणजे रत्नागिरी तालुक्यात पाली आहे, लांज्याकडे पालू आहे, मंडणगडात पालवणी आहे, दापोलीकडे साने गुरुजींचं पालगड आहे. यातलं कुठलंही नाव घाईत उच्चारलं तर इंग्रजी कानाला 'पल्ली' ऐकू येईल. शिवाय माणसानं गावाऐवजी वाडीचं नाव सांगितलं असेल तर मग बोलायलाच नको.

बाईंनी वहीत चारही नावं एकाखाली एक लिहिली. अक्षर सुरेख होतं.

आता त्या फोटोबद्दल. पाच वर्षांची मुदत संपवलेल्या मजुराला सरकारी भाषेत 'जुना आप्रवासी' म्हणत. तो कायद्यानं मोकळा, पण मोकळा माणूस मळेवाल्यांना परवडत नव्हता. तो भाजी लावी, गाय पाळी, फेरी करी आणि मजुरी करायची तर वाढवून मागे. म्हणून १८६७ चा ३१ क्रमांकाचा कायदा आला. प्रत्येक जुन्या आप्रवाशानं फोटो चिकटवलेलं तिकीट जवळ बाळगायचं आणि जिल्हा ओलांडायचा तर पोलिसांचा पास काढायचा. तिकीट घरी राहिलं, पास नसला, तर तो 'भटक्या' म्हणून तुरुंगात. तिकीट हरवलं तर पैसे भरून नवं काढायचं. त्याच वर्षी बेटावर हिवतापाची भयानक साथ होती. माणसं हजारांनी मरत होती आणि जगलेली फोटो काढायला रांगेत उभी होती.

त्या रांगेत एक कोट फिरत असावा, अशी माझी समजूत आहे. पुरावा नाही. पण बाईंच्या खापरपणज्याच्या खांद्यांवरून तो कोट जसा ओघळलाय, ते पाहिल्यावर मला दुसरं काही सुचत नाही.

या कायद्याविरुद्ध १८७१ साली ९,४०१ जुन्या आप्रवाशांनी राणीकडे अर्ज केला. अर्ज लिहून देणारा होता अदॉल्फ द प्लेव्हित्झ नावाचा युरोपीय, स्वतः मळ्याच्या कारभारात असलेला. मळेवाले त्याच्यावर इतके भडकले की त्याला भर रस्त्यात मारहाण झाली. पण चौकशी आयोग बसला. आयोगावरच्या दोघांपैकी विल्यम एडवर्ड फ्रेअर यांची नोकरी मुंबई इलाख्यात झालेली होती. १८७५ मध्ये अहवाल आला आणि जाच काहीसा सैल झाला. त्या ९,४०१ मध्ये आमचा कोटवाला होता का, हे बघायची बाईंची फार इच्छा आहे.

हे फोटो आता मोक्याच्या संस्थेत, त्या वह्यांच्या सोबतीनं आहेत. संस्था १९७० ची. लोक तिथे क्रमांक, नाही तर नुसतं एखादं नाव घेऊन येतात आणि कर्मचारी वह्यांतून ओळ शोधून देतात. अलीकडे ही गर्दी वाढली आहे, कारण मार्च २०२४ मध्ये भारतानं मॉरिशसच्या लोकांना सातव्या पिढीपर्यंत 'परदेशस्थ भारतीय नागरिक' (ओसीआय) कार्ड देण्याची सवलत जाहीर केली आणि पूर्वज भारतातून आला हे दाखवायला त्या वहीसारखा पुरावा नाही. ज्या आकड्यानं खापरपणज्याला जिल्हा ओलांडू दिला नाही, तोच आकडा खापरपणतीला भारताच्या दारात उभा करतो.

पण सगळ्यांचे फोटो नाहीत. तिकिटावर फोटो यायच्या आधी जे मेले किंवा परत गेले, त्यांचा चेहरा कुठेच नाही. बायकांचं तर आणखी अवघड. वहीत बाई बहुतेकदा नवऱ्याच्या क्रमांकाला जोडलेली सापडते. शिवाय आपल्या रीतीनं लागलेलं लग्न तिथला कायदा मानत नव्हता, सरकारी नोंदणी केली तरच ते लग्न. त्यामुळे पोरं कागदोपत्री अनौरस ठरत आणि एक भाऊ बापाच्या नावानं तर दुसरा आईच्या नावानं नोंदला जाई. बाईंच्या घराण्यात अशीच दोन आडनावं आहेत. "आम्ही चार पिढ्या एकमेकांना दूरचे समजत होतो," त्या म्हणाल्या. "ते सख्खे भाऊ होते."

तिसरा कागद बाईंनी दुसऱ्या दिवशी दाखवला. तो त्यांना सर्वांत प्रिय आहे, फोटोपेक्षाही. फ्रेंचमध्ये, नोटरीच्या हातचा. बेट १८१० मध्ये इंग्रजांनी घेतलं, पण कायदे आणि रीतिरिवाज फ्रेंच ठेवायचं कबूल केलं, म्हणून माणसाच्या नोंदी इंग्रजीत आणि जमिनीचे दस्त फ्रेंचमध्ये. हा दस्त १८८० च्या दशकातला. साखरेचे भाव पडल्यावर मळेवाल्यांनी कडेच्या, खडकाळ जमिनी तुकडे पाडून विकायला काढल्या. याला तिकडे 'मोर्सेलमाँ' म्हणतात. त्यातला एक आर्पांचा तुकडा कोटवाल्यानं हप्त्यांवर घेतला. आर्पां म्हणजे आपले पावणेबेचाळीस गुंठे.

दस्तात लिहिलंय की घेणाऱ्याला सही येत नाही. खाली एक फुली आहे. पण त्याआधीच्या मजकुरात त्याचं नाव सलग पाच ठिकाणी येतं, आणि वहीतल्यासारखं क्रमांकाला चिकटून नाही, तर जमिनीला चिकटून. मी तो कागद उन्हात धरून पाहिला. फुलीच्या दोन रेघांपैकी दुसरी इतक्या जोरानं ओढलीय की कागद मागच्या बाजूनं उचलला गेलाय.

ती जमीन म्हणजे काळा बसाल्ट. मॉरिशसच्या उसाच्या शेतांत आजही दगडांचे मोठमोठे ढीग दिसतात, पायऱ्या-पायऱ्यांनी रचलेले. ते या लोकांनी हातानं उचलून रचले. भरती करणाऱ्यांनी सांगितलं होतं म्हणे, की त्या बेटावर दगड उलटला की खाली सोनं असतं. ही कथा तिथे घरोघर सांगतात. बाईंच्या शेतातल्या ढिगाला त्यांच्या घरात 'आजोबांचा किल्ला' म्हणतात. ऊस आता चुलतभाऊ लावतो. तोडणीच्या हंगामाला ते 'कूप' म्हणतात. पुढची पिढी हॉटेलांत आणि बँकांत आहे.

तिकडचं असं जुळत गेलं. इकडचं कुठे अडतंय ते मग कळलं.

कुणबी नोंदींच्या शोधामुळे २०२३ पासून महाराष्ट्रात जुनं दप्तर उघडायची सवय लागली आहे. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीनंतर कोतवाल बुक, हक्क नोंद पत्रक, कुळ नोंदवही, शाळेचं प्रवेश-निर्गम रजिस्टर हे शब्द चहाच्या टपरीवरही ऐकू येतात आणि मोडी वाचणाऱ्याला कधी नव्हे तो मान मिळतोय. मला वाटलं, या लाटेत आमचंही काम होऊन जाईल. एका कचेरीत आम्ही तीनदा गेलो. पहिल्यांदा किल्ली साहेबांकडे होती, दुसऱ्यांदा साहेब दौऱ्यावर, तिसऱ्यांदा दप्तरखान्याला गळती लागून रुमाल दुसऱ्या खोलीत हलवलेले. चौथ्यांदा एका तरुण कारकुनानं स्वतः शिडी लावून वरची बासनं काढली. धूळ अशी की बाईंनी पदर नाकाला लावला तो सोडलाच नाही. त्या मुलाचे उपकार आहेत.

आम्हाला मिळालेली सर्वांत जुनी कोतवाल बुकं, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या, १८८० नंतरची निघाली. आमचा माणूस त्याआधी पंचवीस-तीस वर्षं गेलेला. त्याच्यामागे कुणी राहिलं असेल तर त्यांचा मृत्यू नोंदला असेल, पण कुणाचा म्हणून शोधायचा? त्याहून जुनं काही हवं तर खोताच्या घरातल्या मोडी वह्या. खोतीच्या गावात सरकारात नाव खोताचं, कुळाचं नाव खोताच्या वहीत. आणि ज्याच्याकडे कुळ म्हणूनही धड जमीन नव्हती, दुसऱ्याच्या शेतावर राबत होता, त्याचं नाव त्या वहीतही नाही. एका जुन्या खोत घराण्यानं माळ्यावरच्या वह्या मोकळेपणानं दाखवल्या. वाचून दाखवायला मोडीचे एक जाणकार बरोबर होते. दोन दिवस बसले. भाताची खंडी, नाचणीचे मण, कुणाकडे किती बाकी. शेवटी त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "बाई, यात पिकाचा दाणा न् दाणा आहे. माणूस हवा असेल तर त्यानं काहीतरी पिकवलेलं हवं, आणि तेही स्वतःच्या नावावर."

मला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं की ज्या माणसाबद्दल मॉरिशसमध्ये त्याच्या कोपरावरचा डाग लिहून ठेवलाय, त्याच्या जन्मगावी तो जन्मला होता याची एक ओळ नाही. आपला कागद सातबाऱ्याच्या मागून चालतो. जमीन नसलेल्याला इथे कुणी धरून ठेवलं नाही, आणि लिहूनही ठेवलं नाही.

घाटावर असतो तर एक वाट होती. सातारा-कोल्हापूरकडे हेळवी दारोदार येऊन घराण्याची वंशावळ म्हणून दाखवतात. कुणी गेला, कुणी दत्तक आला, सगळं त्यांच्या तोंडी. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही कितीतरी घराणी सापडतात. पण आमच्या माणसाचं कुळ यात्रेला नाशिकला जाण्याइतकं सुस्थितीत असतं, तर तो जहाजात कशाला बसता?

बाईंच्या मुक्कामाच्या शेवटच्या आठवड्यात गणपती आले होते. कागदांचा कंटाळा आल्यानं आम्ही एका संध्याकाळी पालीजवळच्या एका वाडीत जाखडी बघायला गेलो. ढोलकीवाला मधोमध बसलेला, भोवती पायात चाळ बांधलेली बारा-पंधरा पोरं गोल फिरत होती. मॉरिशसच्या मराठी लोकांत हाच नाच आहे, त्याला ते 'झाकरी' म्हणतात. बाईंच्या वडिलांना येत असे. पहिल्या ठेक्यालाच बाई खुर्चीवरून उठल्या. तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणू लागल्या. शब्द वेगळे, चाल अगदी तीच नव्हे, पण पाय नेमक्या जागी पडत होता.

नाच थांबल्यावर जाखडीच्या बुवांनी विचारलं, "तुम्ही कुठल्या वो?"

"आम्ही मॉरिशसचे."

"त्ये नाय. मूळ गाव?"

बाईंनी पाकीट काढून फोटो दाखवला. दिव्याखाली तो हातोहात फिरला. कुणी म्हणालं, हा आमच्या तात्यासारखा दिसतो, तर दुसरा म्हणाला, तात्या कुणासारखाही दिसतो. खूप हसले सगळे. एका म्हाताऱ्या आजींनी मात्र फोटो बराच वेळ डोळ्यांजवळ धरला. चेहऱ्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"कोट कुणाचा घातलान ह्यानं?" त्यांनी विचारलं.

परतताना गाडीत बाईंनी वही उघडली. पालीसमोर पेन्सिलीनं हलकी खूण केली, तिच्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं, आणि पुढच्या वर्षी पालवणीला कुठल्या महिन्यात यावं ते मला विचारू लागल्या.